चादरींची वेबसाइट, पुण्याचं सॉफ्टवेअर आणि मधली एक्सएमएल

"आमचा सगळा माल वेबसाइटवर हाय की. तिथनंच घ्या म्हणावं त्यांना." सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका चादर कारखानदार काकांनी मला फोनवर हे सांगितलं. पुण्याच्या एका ठोक व्यापाऱ्याला त्यांच्या मालाची यादी रोज रात्री हवी होती. वाचणार होतं व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर, माणूस नव्हे. त्यासाठी त्याने एक्सएमएल मागितली होती, तीही त्याच्या स्वतःच्या साच्यात. काकांच्या हिशेबाने हे चहा थंड व्हायच्या आत होणारं काम. मला तीन दिवस लागले, आणि त्यातले दोन दिवस मी कोडला हातही लावला नाही.

त्या तीन दिवसांत जे करावं लागलं, ते इथे क्रमाने लिहितोय. काकांची साइट वर्डप्रेसवर आहे, म्हणून उदाहरणं वर्डप्रेसची. तुम्हाला प्लगिन बसवता येत असेल आणि पीएचपीची पानभर ओळी बघून घाम फुटत नसेल, तर एवढी तयारी पुरे. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत आहेत. उच्चारावरून ती वर्डप्रेसच्या अधिकृत कोशात सहज सापडतात.

एक्सएमएल, कामापुरती

एक्सएमएलची पहिली आवृत्ती वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी जाहीर केली. एचटीएमएलमध्ये टॅग ठरलेले असतात: हा मथळा, हा परिच्छेद, हे चित्र. एक्सएमएलमध्ये टॅग आपण ठरवायचे. आकडा कसा दिसावा हे ती सांगत नाही, आकडा कशाचा आहे हे सांगते.

सोलापूरकरांना हे समजावायला मला जॅकार्ड मागाचं उदाहरण बरं पडतं. चादरीवरचं फूल विणकर हाताने काढत नाही. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडलेली असतात आणि कोणता धागा उचलायचा ते माग त्या भोकांवरून ठरवतो. एक भोक चुकलं की माग कुरकुरत नाही, फूल तेवढं बिघडतं. एक्सएमएल वाचणारं सॉफ्टवेअर त्या मानाने खाष्ट आहे. एक टॅग बंद करायचा राहिला तर ते अख्खी फाइल नाकारतं.

आमची फाइल अशी दिसते:

<चादरी आवृत्ती="१">
  <चादर कोड="चा-१०४">
    <नाव भाषा="मराठी">कमळ बुट्टी, डबल</नाव>
    <लांबी एकक="इंच">१००</लांबी>
    <रुंदी एकक="इंच">९०</रुंदी>
    <किंमत चलन="रुपये">७५०</किंमत>
    <शिल्लक>४०</शिल्लक>
    <बदल>२०२५-०१-१२</बदल>
  </चादर>
</चादरी>

टॅग मराठीत बघून दचकू नका. एक्सएमएलच्या नियमांत टॅगचं नाव देवनागरीत चालतं, आणि चांगला वाचक प्रोग्राम ते निमूट वाचतो. तरी माझा सल्ला असा, की फाइल घेणारा प्रोग्रामर कोण आहे ते आधी पाहा. तो मराठी टाइप करणारा नसेल तर टॅग इंग्रजीत ठेवा आणि मजकूर मराठीत. पुण्याच्या माणसाला मराठी टॅग चालत होते, आणि काकांना फाइल उघडून स्वतः वाचता येते याचं कौतुक वाटलं, म्हणून आम्ही ते ठेवले.

नियम थोडेच आहेत. सगळ्यांच्या बाहेर एकच टॅग (इथे चादरी). जो टॅग उघडला तो बंद झालाच पाहिजे, आणि आत उघडलेला आधी बंद. गुणधर्माचं (जसं वर एकक किंवा चलन) मूल्य अवतरणचिन्हांत. टॅगच्या नावात मोकळी जागा नको, आकड्याने सुरुवात नको. इंग्रजी टॅग असतील तर कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरली जातात. मराठीत ती भानगडच नाही. खऱ्या फाइलमध्ये पहिल्या ओळीत आवृत्ती आणि यूटीएफ-८ (अक्षरं साठवण्याची पद्धत) सांगणारी घोषणा असते. यूटीएफ-८ फाइलला ती नसली तरी चालतं, पण घाला.

पहिली पायरी: कागद

संगणक बंद ठेवा. फाइल घेणाऱ्याला फोन करा आणि एका कागदावर तक्ता काढा: टॅगचं नाव, त्यात काय येणार, सक्तीचं की ऐच्छिक, रिकामं असेल तर काय करायचं. शेवटचा रकाना सगळेच विसरतात. शिल्लक शून्य असली तर चादर यादीतून गाळायची की शून्य लिहून पाठवायची? पुण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये यादीत नसलेला माल "बंद झाला" म्हणून पुसला जात होता. आम्ही गाळत बसलो असतो, तर मागावर चढलेला प्रत्येक वाण दर आठवड्याला पुसला जाऊन पुन्हा नव्याने जन्मला असता.

लांबी इंचात की सेंटिमीटरमध्ये, किंमत करासह की कराविना, नग एक की डझन, हे सगळं इथेच ठरवा. काका डझनात बोलतात, व्यापारी नगात. टॅग दोघांसाठी एकच. हा गोंधळ कोड लिहिल्यावर सापडला तर अर्धं काम पुन्हा करावं लागतं.

याच फोनवर आणखी एक विचारून घ्या: साधी आरएसएस (साइटवरच्या नव्या मजकुराची ठरलेल्या साच्यातली एक्सएमएल यादी) चालेल का? वर्डप्रेस ती कोणतंही कोड न लिहिता देतं. गूगल मर्चंट सेंटरसारख्या ठिकाणी एक्सएमएल द्यायची तर आरएसएस २.० किंवा तिच्यासारख्याच ॲटमचा साचा लागतो, फक्त त्यांचे स्वतःचे जास्तीचे टॅग घालून. समोरच्याला जेसन (माहिती लिहिण्याची दुसरी पद्धत) चालत असेल तर वर्डप्रेसचा रेस्ट एपीआय, म्हणजे प्रोग्रामांना माहिती देणारं दार, डिसेंबर २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून तयार बसलाय. स्वतःच्या साच्याची एक्सएमएल हा शेवटचा पर्याय धरा. आमच्याकडे व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर जुनं होतं आणि तो साचा सोडून दुसरं काही खात नव्हतं.

दुसरी पायरी: मजकूर फोडणं

खरा घाम इथे. काकांच्या साइटवर प्रत्येक चादरीची एक पोस्ट होती, आणि त्या पोस्टच्या पोटात सगळं एकत्र: "उत्तम सुती चादर, ९० बाय १००, फक्त ७५०/- मात्र, गड्ड्यानिमित्त ६९९". (गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा.) माणसाला कळतं. प्रोग्रामला या वाक्यातून किंमत काढायला सांगणं म्हणजे कालवलेल्या भातातून मीठ वेचायला सांगणं.

म्हणून आधी प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा रकाना करावा लागतो. वर्डप्रेसमध्ये त्याला कस्टम फील्ड म्हणतात. चादरीसाठी वेगळा पोस्ट प्रकार नोंदवा, मग कोड, लांबी, रुंदी, किंमत, शिल्लक असे रकाने करा. साइट वूकॉमर्सवर असेल तर किंमत आणि शिल्लक यांचे रकाने आधीच असतात, नशीबवान आहात. आमच्याकडे १४० चादरी होत्या. काकांचा भाचा आणि मी समोरासमोर बसलो. तो वाचायचा, मी भरायचो. मधेच तो म्हणायचा, "काय बे, हे यंत्राला नाही का करता येत?" काही वाक्यांना येतं, पण "७५०/-" आणि "साडेसातशे" आणि "फोन करा" यांची गल्लत निस्तरण्यापेक्षा हाताने भरणं लवकर झालं. दोन संध्याकाळी, एक किलो शेंगा.

रकाने भरताना एक नियम पाळा: आकड्याच्या रकान्यात फक्त आकडा. रुपयाची खूण नाही, "मात्र" नाही, स्वल्पविराम नाही. आणि तो आकडा इंग्रजी लिपीतला. वरचा नमुना मी लेखासाठी मराठी आकड्यांत लिहिलाय, खऱ्या फाइलमध्ये तसं करू नका. बहुतेक प्रोग्रामना "७५०" हा शब्द वाटतो, संख्या नव्हे. त्याची बेरीज करायला गेलं की काही शून्य देतात, काही अडकून पडतात. साइटवर मराठी आकडे दाखवायचे असतील तर ते थीमला दाखवताना बदलू द्या. साठवण इंग्रजीत.

सोलापुरात आणखी एक खोड असते. इथे एकाच वाणाला मराठी, तेलुगू आणि कन्नड अशी तीन नावं असू शकतात, आणि काकांनी ती एकाच रकान्यात तिरप्या रेघा देऊन लिहिली होती. तीन रकाने करा आणि फाइलमध्ये नाव हा टॅग तीनदा येऊ द्या, प्रत्येकावर भाषा वेगळी. समोरचा नियमाला पक्का असेल तर भाषेसाठी एक्सएमएलचा राखीव गुणधर्म, म्हणजे "एक्सएमएल, विसर्ग, लँग", आणि भाषांचे दोन अक्षरी संकेत वापरा. विसर्ग म्हणजे इथे कोलन, हे सांगायला नको.

मजकूर जुन्या डीटीपी फाँटमधून चिकटवलेला असेल तर तो इथेच उघडा पडतो. साइटवर फाँटच्या जोरावर मराठी दिसतं, फाइलमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांचा उकिरडा. तो आधी युनिकोडमध्ये बदला, दुसरा उपाय नाही.

तिसरी पायरी: दार उघडणं

आता कोड. थीमच्या फंक्शन फाइलमध्ये लिहू नका. थीम अद्ययावत झाली की ते पुसलं जातं. प्लगिनच्या फोल्डरमध्ये एक छोटी पीएचपी फाइल करा, वर टिप्पणीत प्लगिनचं नाव लिहा, आणि डॅशबोर्डवरून ते चालू करा. फाइलच्या शेवटी पीएचपी बंद करणारी खूण घालू नका. का, ते खाली कळेल.

वर्डप्रेसमध्ये नवीन फीड (प्रोग्रामांनी वाचायची यादी) नोंदवायला ॲड_फीड हे फंक्शन आहे. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: फीडचं नाव आणि ती छापणाऱ्या आपल्या फंक्शनचं नाव. हे इनिट या हुकवर (वर्डप्रेस सुरू होताना आपलं कोड चालवायच्या जागी) बांधा. मग साइटच्या पत्त्यापुढे फीड, तिरपी रेघ आणि ते नाव लिहिलं की आपलं फंक्शन चालायला हवं.

पहिल्यांदा ते चालत नाही, आणि "पान सापडलं नाही" येतं. घाबरू नका. वर्डप्रेसने पत्त्यांचे नियम आधी लिहून ठेवलेले असतात, आपला नवा पत्ता त्यांत नसतो. सेटिंग्जमध्ये पर्मालिंक्सचं पान उघडा, काहीही न बदलता जतन करा. नियम नव्याने लिहिले जातात. काही जण नियम पुसून लिहिणारं फंक्शन प्रत्येक पान उघडताना चालेल असं ठेवून देतात. त्याने साइट विनाकारण हळू होते.

दुसरं आश्चर्य: पत्ता उघडल्यावर ब्राउझर फाइल दाखवण्याऐवजी डाउनलोड करतो. वर्डप्रेसला फक्त त्याच्या ओळखीच्या फीडचे प्रकार माहीत असतात. अनोळखी फीडला ते "कसलीतरी फाइल" असा शिक्का मारतं. आपल्या फंक्शनच्या सुरुवातीला हेडर पाठवून प्रकार ॲप्लिकेशन-एक्सएमएल आणि अक्षरसंच यूटीएफ-८ आहे असं सांगा, किंवा फीड_कंटेंट_टाइप हा फिल्टर वापरा.

चौथी पायरी: छापणं

आपलं फंक्शन तीन कामं करतं: चादरी मागवायच्या, एकेक घेऊन रकाने वाचायचे, टॅगांत घालून छापायचे. मागवायला डब्ल्यूपी_क्वेरी. त्यात पोस्ट प्रकार आणि "प्रकाशित" ही स्थिती स्पष्ट लिहा, नाहीतर लॉग-इन केलेलं असताना खासगी पोस्टही यादीत येऊ शकतात. किती हव्यात तेही लिहा. न लिहिल्यास सेटिंग्जमधला आकडा लागू होतो, आणि फीडसाठी तो मुळात १० असतो. माझ्या पहिल्या फाइलमध्ये १४० पैकी १० चादरी आल्या आणि मी तासभर क्वेरीतली चूक शोधत बसलो होतो.

छापताना टॅग अवतरणांत जोडत बसू नका. पीएचपीत एक्सएमएलरायटर नावाचं साधन आहे: टॅग उघड, मजकूर लिही, बंद कर. ते टॅग विसरत नाही आणि विशेष चिन्हं स्वतःच सुरक्षित करतं. विशेष चिन्हं पाच: &, <, >, दुहेरी अवतरण आणि एकेरी अवतरण. "टॉवेल & नॅपकिन" असं नाव जसंच्या तसं फाइलमध्ये गेलं की ती मोडली म्हणून समजा. ज्यांना हाताने छापायचंच आहे त्यांच्यासाठी वर्डप्रेसने २०२० च्या ५.५ आवृत्तीत एस्क_एक्सएमएल हे फंक्शन दिलंय. दोन्ही एकत्र मात्र वापरू नका. चिन्ह दोनदा सुरक्षित झालं की समोरच्याला "टॉवेल" आणि "नॅपकिन" यांच्यामध्ये कचरा दिसतो.

तोच कचरा दुसऱ्या वाटेनेही येतो. गेट_द_टायटल हे फंक्शन शीर्षकातली साधी अवतरणं आणि डॅश सुशोभित करून त्यांच्या जागी संकेत घालतं. पानावर ते सुंदर दिसतं. एक्सएमएलरायटरला दिलं की तो संकेतच मजकूर समजून छापला जातो. म्हणून शीर्षक पोस्टमधून कच्चं घ्या, किंवा संकेत आधी उलगडा. एचटीएमएलची अखंड जागा, म्हणजे एनबीएसपी, हिचा संकेतही एक्सएमएल ओळखत नाही. वर्णनात ती हमखास असते. वर्णनातून टॅग आणि शॉर्टकोड काढून साधा मजकूर पाठवणं मला बरं वाटतं. समोरच्याला एचटीएमएलच हवं असेल तर सीडेटाच्या कंसात (आतलं टॅग न समजता जसंच्या तसं वाच, असं सांगणाऱ्या) घाला. सगळीकडे सीडेटा लावून मोकळं होणारे लोक आहेत. चालतं, पण आत काय आहे ते त्यांनाच माहीत नसतं.

तारीख आयएसओ ८६०१ पद्धतीने, म्हणजे वर्ष, महिना, दिवस. वर्डप्रेस मराठीत असेल तर साध्या फंक्शनने महिना "जानेवारी" असा येतो आणि पुण्याच्या सॉफ्टवेअरला तो कळत नाही. सेटिंग्जमध्ये वेळक्षेत्र कोलकाता आहे ना तेही बघा. साडेपाच तासांच्या फरकाने पहाटेचा बदल आदल्या तारखेला जातो.

तपासणी

पत्ता ब्राउझरमध्ये उघडा. वर "या फाइलला स्टाइलची माहिती जोडलेली नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसेल. ती चूक नव्हे, फाइल नीट वाचली गेल्याची खूण आहे. चूक असेल तर ओळ क्रमांकासह येते.

सगळ्यांत जास्त सतावणारी चूक: घोषणा फाइलच्या सुरुवातीला नाही. म्हणजे तिच्या आधी एखादी रिकामी ओळ गेलीय. ती बहुधा कुठल्यातरी प्लगिनच्या शेवटी, पीएचपी बंद करणाऱ्या खुणेनंतर पडलेली असते. म्हणून ती खूण घालू नका म्हटलं. नसेल तर फाइलच्या तोंडाशी बसलेली बॉम नावाची न दिसणारी खूण शोधा. एडिटरमध्ये "यूटीएफ-८, बॉमविना" असं जतन केलं की जाते. व्हॉट्सॲपवरून कोड घेतला असेल तर त्यातली सरळ अवतरणं वाकडी झालीत का तेही पाहा. आणि एक्सेलमधून चिकटवलेल्या मजकुरात कधी कधी उभ्या टॅबसारखं अदृश्य अक्षर असतं, जे एक्सएमएल १.० मध्ये निषिद्ध आहे. एक्सएमएलरायटर ते गाळत नाही. आधी आपण गाळायचं.

सर्व्हरवर किंवा लिनक्सवर एक्सएमएललिंट असेल तर फाइल त्यातून काढा. नोआउट हा पर्याय लावून ते काहीच बोललं नाही तर सगळं ठीक. मात्र ते ठीक म्हणजे रचना ठीक. किमतीच्या जागी "फोन करा" असेल तर त्याचं त्याला काही नाही. तेवढी काटेकोर तपासणी हवी असेल तर पहिल्या पायरीचा कागद एक्सएसडी स्कीमा, म्हणजे यंत्राला वाचता येणारी नियमावली, म्हणून लिहून काढा. तपासायला सगळ्यांत वाईट चादर निवडा: नावात & असलेली, वर्णन नसलेली, शिल्लक शून्य असलेली.

शिळी फाइल

सगळं सुरळीत झालं आणि आठवड्याने काकांचा फोन: "पुण्यात अजून ४० नग दाखवतंय. माल कवाच संपला." आमच्याकडे फाइल उघडली तर शून्य. पुण्यात ४०.

कारण शोधायला मला एक रात्र लागली. वर्डप्रेस प्रत्येक फीडबरोबर "शेवटचा बदल कधी" ही वेळ पाठवतं. वाचणारं सॉफ्टवेअर पुढच्या वेळी तीच वेळ सांगून विचारतं, नवीन काही? नसेल तर वर्डप्रेस ३०४, म्हणजे "बदल नाही", हे उत्तर देऊन फाइल पाठवतच नाही. ही वेळ पोस्टच्या बदलावरून ठरते. काकांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर मात्र शिल्लक थेट कस्टम फील्डमध्ये लिहीत होतं. तसं केल्याने पोस्टची बदल-वेळ हलत नाही. वर्डप्रेसच्या मते काही बदललंच नव्हतं. शिल्लक लिहिल्यावर पोस्टसुद्धा अद्ययावत करायची, एवढं जोडलं आणि प्रश्न मिटला. तुमच्याकडे पान साठवणारं कॅशे प्लगिन असेल तर आपल्या फीडचा पत्ता त्यातून वगळा. १४० चादरींना ते पुरतं. हजारोंचा माल असेल तर तयार फाइल ट्रान्झिएंटमध्ये, म्हणजे वर्डप्रेसच्या तात्पुरत्या साठ्यात, पंधरा मिनिटं ठेवा, म्हणजे दर वेळी डेटाबेस ढवळावा लागत नाही.

ठोक भाव त्यात असतील तर पत्ता कुणालाही उघडता येतो हे विसरू नका. पत्त्यात एक लांबलचक किल्ली मागणं हा साधा उपाय. व्यापाऱ्याच्या सर्व्हरचा आयपी पत्ता ठरलेला असेल तर फक्त त्यालाच दार उघडा, ते अधिक पक्कं. खरेदीची किंमत मात्र फाइलमध्ये घालूच नका.

ड्रुपलवाल्यांना हे कोड न लिहिता जमतं: व्ह्यूजमध्ये रेस्ट एक्सपोर्ट हा प्रकार निवडला की एक्सएमएल मिळते. पण तिचे टॅग ड्रुपलचे, बाहेर रिस्पॉन्स आणि आत आयटम. आपला साचा हवा असेल तर तिथेही थोडं कोड आलंच.

बाहेरच्या टॅगवर आवृत्ती="१" लिहिलंय ते पुढच्या बदलांसाठी. नवीन टॅग जोडायला हरकत नाही; वाचणारं सॉफ्टवेअर बहुधा अनोळखी टॅग सोडून देतं. असलेला टॅग बदलायचा किंवा काढायचा झाला तर दोन आवृत्त्या काही महिने शेजारी शेजारी चालू ठेवा. परवा काकांनी विचारलं, "नाव ऐवजी वाणाचं नाव असं कर की, बरं दिसंल." वाणाचं_नाव हा टॅग जोडून दिला. नाव आहे तिथेच आहे.